एका बाईच्या दोन नळ्या

आमच्या लॅबला दोन दारं आहेत आणि ती एका वेळी उघडत नाहीत. पहिलं नीट बंद झालं की मगच दुसरं उघडतं. बाहेरची धूळ आणि परागकण आत येऊ नयेत म्हणून ही सोय. त्यामुळे रोज सकाळी मी दोन दारांच्या मधल्या, कपाटाएवढ्या जागेत अर्धा मिनिट उभी असते. आत खिडकी नाही. दिंडोरी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना द्राक्षबागा आहेत, पण त्या मला जाता-येता दिसतात तेवढ्याच. दिवसभर द्राक्ष माझ्यापुढे येतं ते चुरलेल्या पानाच्या रूपात, नळीतून.

काम साधं आहे. नर्सरीवाले आणि बागायतदार पानं-काड्या आणून देतात. ही काडी सांगितलेल्याच वाणाची आहे का, तिच्यात विषाणू आहे का, ते आम्ही डीएनए काढून सांगतो. कांद्याचं बियाणंही तपासतो.

त्याआधी मी कॅन्सरवर काम करत होते. त्याच्याही आधी, पीएचडीला, पुन्हा द्राक्षच. लोक विचारतात, हे असं इकडून तिकडे कसं काय? नळीत पानाचा डीएनए आणि गाठीचा डीएनए सारखाच दिसतो, पाण्यासारखा. हात तेच लागतात. मला नोकरी हवी होती आणि जागा कॅन्सरमध्ये होती. एवढंच.

पीएचडी आणि कॅन्सर या दोन कामांच्या मध्ये माझं लग्न झालं. नवऱ्याने ताटातल्या तांदळात अंगठीने माझं नवं नाव लिहिलं, भटजींनी ते मोठ्याने वाचलं, बायकांनी पेढे वाटले. आडनाव बदलतंच, आमच्याकडे पहिलं नावही बदललं. म्हणून माझे द्राक्षावरचे शोधनिबंध एका बाईचे आहेत आणि कॅन्सरवरचे दुसऱ्या बाईचे. एका मुलाखतीत माझी फाइल चाळून एका गृहस्थांनी विचारलं होतं, "या आधीच्या मॅडम सध्या कुठे असतात?" मी म्हटलं, "इथेच, तुमच्यासमोर बसल्यात." गॅझेटची प्रत पुढे केली. हसू आलं नाही, कारण ती प्रत मी तोवर बऱ्याच ठिकाणी पुढे केली होती.

हे मुद्दाम सांगते, कारण पुढची चूक बाकी कोणाला नाही तरी मला कळायला हवी होती.

कॅन्सरचा प्रकल्प दुसऱ्या शहरातल्या मोठ्या संस्थेत होता. एखाद्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या बायकांना स्तनाचा कॅन्सर होत असेल, तर रक्तातून कोणता बिघाड पुढे चालला आहे ते शोधायचं. आमच्या सरांना नाशिक जिल्ह्यातलं असं एक घराणं सापडलं होतं. मूळ घर नामपूरचं. तिथली थोरली आई त्यातच गेली, एक मुलगी गेली. दुसरी मुलगी देवळ्याजवळच्या एका गावात दिलेली होती. तिला चाळिशीत गाठ निघाली, पण वेळेत ऑपरेशन झालं आणि ती वाचली.

मी नाशिकची, तिकडची बोली थोडीफार कळते, म्हणून रक्ताचे नमुने आणायला मला पाठवलं. आधी नामपूर, मग सहा महिन्यांनी देवळ्याकडचं गाव. नर्स रक्त काढायची, मी फॉर्म भरायचे. फॉर्मच्या शेवटी एक प्रश्न होता. तुमच्या रक्तात काही आढळलं तर तुम्हाला कळवायचं का? हो किंवा नाही. खाली सही.

नामपूरला सगळा गोंधळ होता. पोरी हसत होत्या, एकमेकींना सुईची भीती घालत होत्या. देवळ्याकडच्या गावात तसं नव्हतं. तिथे आम्ही सुनांचंही रक्त घेतलं. सुना बाहेरून आलेल्या, त्यांच्यात हा बिघाड असायचा नाही, म्हणून तुलनेला बऱ्या. ओसरीवर त्या एका ओळीत बसल्या होत्या, डोक्यावर पदर. ती ऑपरेशन झालेली बाई, म्हणजे त्यांची सासू, खाटेवर बसून होती.

"निकाल-बिकाल कोणाला नको," सासूबाई म्हणाल्या. "घरात पोरी उजवायच्या हायेत. उद्या गावभर झालं तर कोण करंल?"

सुनांनी एकीमागून एक 'नाही'वर खूण केली. मी दंड बघत होते, नळीवरचा आकडा बघत होते, माझ्या यादीत 'सून, बाहेरची' असं लिहीत होते. चेहरे बघितले नाहीत.

तपासणी झाली तेव्हा संगणकाने दोन नळ्या शेजारी आणून ठेवल्या. एक नामपूरच्या मुलीची, दुसरी देवळ्याकडच्या सुनेची. दोन्हींतलं अक्षर न्‌ अक्षर सारखं. असं होतं ते जुळ्या बहिणींत, नाहीतर एकाच माणसाचं रक्त दोन नळ्यांत गेलं तर. आणि दोन्ही नळ्यांत तो बिघाड होता.

सरांनी चष्मा काढून विचारलं, "नळ्या कोणाच्या ताब्यात होत्या?"

"माझ्या."

"मग मिसळल्या. दोन्ही काढून टाक."

मी तीन आठवडे वह्या तपासल्या. चूक सापडली नाही. पण चूक सापडली नाही म्हणजे ती झालीच नाही, असं आमच्या धंद्यात म्हणता येत नाही. दोन्ही नळ्या अभ्यासातून बाद झाल्या. शोधनिबंधावर माझं नाव पाच माणसं मागे सरकलं आणि सर माझ्याशी जास्तच सौजन्याने बोलायला लागले. ते मला रागावण्यापेक्षा जड गेलं.

त्याच वर्षी सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला. एका वर्षासाठी म्हणून मी नाशिकला परत आले. एकाची आठ वर्षं झाली. सासरे पंचवटीतल्या फ्लॅटमध्ये खिडकीपाशी पलंगावर असतात. सकाळची बाई साडेनऊला येते, संध्याकाळची सहाला जाते, त्या मधल्या वेळेत माझी नोकरी बसते. एवढ्या वेळात बसणारी नोकरी ही द्राक्षाचीच होती. तक्रार नाही, मोजमाप सांगते.

गेल्या हिवाळ्यात एक नर्सरीवाले दोन वाणांच्या काड्या घेऊन आले. पन्नाशीचे, कानात भिकबाळी, बोलायला मोकळे. दुसरा वाण त्यांनी बराच प्रवास करून, बऱ्याच ओळखी काढून आणला होता. तपासणीत दोन्ही एकच निघाले.

"असं कसं मॅडम? पानं बघा ना. ह्याचं पान किती रुंद!"

"ते जमिनीमुळे, पाण्यामुळे. वेल एकच आहे. कोणीतरी काडी नेली, दुसऱ्या गावात लावली, नवं नाव दिलं."

त्यांनी रिपोर्ट पुन्हा वाचला. मग मांडीवर हात मारून हसले. "म्हणजे पोरीसारखं झालं म्हणा की! माहेरी एक नाव, सासरी दुसरं. आणि मी येडा, घरचीच पोर सून म्हणून वाजतगाजत आणली."

मी त्यांना चहा घ्यायला सांगितलं, उठले आणि दोन दारांच्या मध्ये जाऊन उभी राहिले. दार उघडून बंद झालं, पुन्हा उघडलं. कोणीतरी बाहेरून काचेवर टकटक केलं.

घरचीच पोर सून म्हणून. देवळ्याकडच्या त्या बाईने नामपूरच्या भावाची मुलगी सून करून आणली असणार. हा बिघाड बापाकडूनही मुलीत येतो. मामाची मुलगी करण्यात आमच्याकडे नवल नाही, माझ्या सख्ख्या चुलतभावाने केली आहे. मुलीचं नाव लग्नात बदललं. माहेरपणाला आली असताना तिने माहेरच्या नावाने रक्त दिलं आणि सासरी सासरच्या नावाने. दोन नळ्या, एक बाई. आणि मी, जिच्या कपाटात स्वतःच्या दोन नावांचं गॅझेट ठेवलेलं आहे, त्या मीच तिच्या नावापुढे लिहिलं होतं, 'बाहेरची'.

खरं सांगायचं तर पहिला विचार तिचा आला नाही. पहिला विचार आला, मी नळ्या मिसळल्या नव्हत्या. तो आनंद दुपारच्या डब्यापर्यंत टिकला. पोळीचा तुकडा मोडताना दुसरी गोष्ट ध्यानात आली. नळ्या मिसळल्या नव्हत्या, म्हणजे बिघाड खरा होता. तो अंगात घेऊन एक बाई आठ वर्षं हिंडते आहे, आणि तिच्या आत्याला गाठ निघाली त्या वयाला ती आता पोचली असेल. हा बिघाड असला म्हणजे कॅन्सर होतोच असं नाही. पण माहीत असेल तर दरवर्षी तपासणी करता येते, गाठ दाण्याएवढी असताना पकडता येते. माहीत नसेल तर ती हाताला लागेपर्यंत वाट बघायची.

सरांना फोन केला. ते निवृत्तीला आले आहेत. त्यांना सगळं सांगितलं.

"फॉर्म काढून बघतो," म्हणाले.

चार दिवसांनी त्यांचा फोन आला. मी मंडईत होते, पिशवीत मेथी.

"तुझं बरोबर आहे. जन्मवर्ष एकच, वडिलांचं नाव एकच. आम्हीही बघितलं नव्हतं." पुढे म्हणाले, "पण एक घोटाळा आहे. नामपूरच्या फॉर्मवर तिने 'हो' म्हटलंय. देवळ्याच्या फॉर्मवर 'नाही'."

"मग?"

"एथिक्स कमिटीला विचारावं लागेल. दोन उत्तरं असतील तर नंतरचं धरतात."

नंतरचं म्हणजे 'नाही'. खाटेवर बसलेल्या सासूसमोरचं.

कमिटीला तीन महिने लागले. त्या तीन महिन्यांत मला सगळ्यात जास्त काय जाचलं ते सांगते. त्या लोकांचा राग येत नव्हता. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं. एखाद्या बाईने नको म्हटलं असेल तर ते नको, मग ते कोणासमोर का म्हटलेलं असेना. तिच्या अंगातली गोष्ट तिच्या मर्जीविरुद्ध तिच्या कानात ओतायचा मला हक्क नाही. आणि तिने हो म्हटलं होतं हेही तितकंच खरं. मी दोन्ही बाजूंनी भांडत होते आणि दोन्ही बाजू जिंकत होत्या.

घरी कोणाशी बोलता येत नव्हतं, गुप्ततेच्या कागदावर माझी सही होती. नवरा म्हणाला, "लॅबमध्ये काही झालंय का?" मी म्हटलं, "कांद्याच्या बियाण्याची गर्दी आहे." ते खोटं नव्हतं.

त्याच काळात लॅबने मला देवळ्याला पाठवलं, बियाण्याच्या कांद्याची पानं आणायला. शेतात डोंगळे कमरेएवढे वाढले होते, पांढऱ्या फुलांचे गोंडे, त्यांवर मधमाश्या. निंदणीला बायका होत्या. तिचं गाव तिथून रिक्षाने पंधरा मिनिटं. मी पानं कापत होते आणि दर बाईचा चेहरा बघत होते, आठ वर्षांपूर्वी बघायला हवे होते तसे. एकजण म्हणाली, "ताई, काय हारपलं का?" मी म्हटलं, "कात्री." कात्री माझ्या हातात होती. त्या सगळ्या हसल्या. नमुने घेतले आणि लॅबच्या गाडीत बसून परत आले.

शेवटी कमिटीने मधला रस्ता काढला. तिला जुन्या फॉर्ममधली विसंगती दाखवायची आणि प्रश्न पुन्हा विचारायचा. काही आढळलं आहे किंवा नाही, हे सांगायचं नाही, सुचवायचं नाही. हो म्हणाली तर नाशिकच्या रुग्णालयातल्या समुपदेशक बाई भेटतील, नवीन रक्त घेऊन खात्री करतील आणि मगच सांगतील. नाही म्हणाली तर विषय संपला. प्रश्न कोणी विचारायचा? सर म्हणाले, "तूच जा. तुला ओळखतात." तशी परवानगी आली, त्यावरही सही केली. मी काय बोलायचं त्याची चार वाक्यं टाइप करून आली होती.

सासरी जाऊन विचारायचं नाही, एवढं मी ठरवलं होतं. दोन्ही फॉर्मांवर पत्ते होते, मी नामपूरचा निवडला आणि आखाजीची वाट बघितली. अक्षय्य तृतीयेला त्या भागातल्या लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, चार दिवस कोणाचं ऐकत नाहीत. तिथे ती मोकळी बोलेल. या हुशारीवर मी दोन आठवडे खूश होते.

नामपूरला घराच्या मागे निंब होता, झोका होता. झोक्यावर एक चाळिशीची बाई पाय लांब करून बसली होती. पदर खांद्यावर, केसांत अबोली. आणि झोक्याखाली, सतरंजीवर, खापरावरच्या पुरणपोळीचं ताट घेऊन तिची सासू.

मी तीच चूक दुसऱ्यांदा केली होती. सुनेचं माहेर तेच सासूचंही माहेर. आखाजीला दोघी एकाच गाडीने आल्या होत्या.

पण तिथे ती सासू कोणाला सासू वाटत नव्हती. तिचाही पदर खाली होता. तिचा भाऊ, म्हणजे झोक्यावरल्या बाईचा बाप, तिला चिडवत होता, "खाईसन झोकावर बठशी ते दोर तुटी जाई!" आणि ती त्याला पोळीचा तुकडा फेकून मारत होती.

"तुम्ही रक्तवाल्या ताई ना?" झोक्यावरली म्हणाली. "माले याद शे. बठा. ऊन कितलं शे!"

पाणी आलं, पोळी आली. आता परत जावं आणि पुढल्या वर्षी यावं, असाही विचार आला. पुढलं वर्ष तिच्याकडे होतं की नाही, ते मला माहीत नव्हतं. मी दोन्ही फॉर्म बाहेर काढले आणि चार वाक्यांतलं पहिलं वाक्य म्हटलं. तुमचे दोन फॉर्म आहेत, दोन नावांनी, आणि दोन उत्तरं वेगळी आहेत.

सासूने ताट खाली ठेवलं. "दोन कसे? तू इथं बी रक्त देल्हं व्हतं?"

"देल्हं व्हतं," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, माझ्यासाठी सांभाळून बोलावं तशी, "तिथं सगळ्या सुना बसल्या ना ताई. मी आधीच दिलंय म्हटलं असतं, तर कोणाला विचारून दिलं, हे झालं असतं. एक सुई जास्त टोचली. काय फरक पडतो?"

मी फरक सांगू शकत नव्हते. दुसरं वाक्य म्हटलं. निकाल असेल तर कळवायचा की नाही, ते तुम्ही आज पुन्हा ठरवू शकता.

"एकदाव नाही म्हटलं ना," सासू म्हणाली. आवाज खाटेवरचा होता.

झोका थांबला. बाईने दोन्ही पाय जमिनीला टेकवले.

"ते तुन्हं घर, फुई. हाई मना बापनं घर शे."

फुई म्हणजे आत्या. देवळ्याकडच्या ओसरीवर या बाईच्या तोंडून मी सासूपुढे एक शब्दही ऐकला नव्हता. इथे फुई आणि थेट एकेरी. म्हातारीचा हात नकळत ऑपरेशनच्या बाजूला, काखेपाशी गेला आणि तिथेच राहिला. बाप उठून गुरांकडे गेला.

"दे, लिही," म्हातारी शेवटी म्हणाली. "इथं लिहिलेलं तिथं सांगू नको म्हंजे झालं."

मी नवा फॉर्म पुढे केला. तिने पेन हातात घेतलं आणि वर बघितलं. "कोणतं नाव लिहू?"

चार वाक्यांत याचं उत्तर नव्हतं. मी म्हटलं, "दोन्ही लिही. एकच बाई आहे, हे एकदा कागदावर येऊ दे."

तिने आधी माहेरचं लिहिलं, पुढे स्वल्पविराम, मग सासरचं. 'हो'वर खूण केली. सही केली. पेनाचं टोपण नीट लावून मला परत दिलं.

"आता सांगा. काय निघालं?"

"मला सांगता येत नाही. नाशिकला या. रुग्णालयात एक बाई भेटतील, त्या पुन्हा रक्त घेतील, सगळं नीट समजावतील." तिसरं वाक्य होतं ते.

"तुम्हाला माहीत नाही?"

माहीत नाही म्हणणं खोटं झालं असतं. माहीत आहे म्हणणं नियमाबाहेरचं होतं. मी चौथं वाक्य म्हटलं, शब्दाला शब्द. या टप्प्यावर मी कोणतीही माहिती देऊ शकत नाही. ऐकताना ती माझा चेहरा बघत होती. नळीवरचा आकडा बघावा तशी, नीट.

"बरं," ती म्हणाली. काही नसतं तर एवढ्या उन्हात कोणी येत नाही, हे तिने म्हटलं नाही. झोक्याचा दोर तिने मुठीत धरला होता आणि मूठ सुटत नव्हती.

फाटकापर्यंत ती मला सोडायला आली. चप्पल न घालता, तापलेल्या मातीवरून.

"सोमवारी येते," ती म्हणाली. मग हळू आवाजात, "ताई, मनी पोर यंदा अठराची झाली. तिलेबी आणू का?"

समोर एसटी वळून उभी राहत होती. पिशवीत टाइप केलेला कागद होता.

"आण," मी म्हटलं. काय निघालं त्याबद्दल, कागदावर नसलेला, त्या दिवशी मी बोललेला तेवढाच शब्द.